सगळ्यांना दिलेलं औषध आणि मोजक्यांना झालेला गुण

फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या एका गोळीची ही गोष्ट उंदराच्या पिल्लांपासून सुरू होते. नवजात उंदराचे डोळे उघडायला सुमारे दोन आठवडे लागतात. १९५०च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टॅन्ली कोहेन उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क पिल्लांना टोचत होते, आणि ती पिल्लं आठवड्याभरातच डोळे उघडू लागली. दातही लवकर आले. कोहेन शोधत होते मज्जातंतूंची वाढ घडवणारं प्रथिन. डोळ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही ते या विचित्र निरीक्षणाच्या मागे लागले. त्वचेच्या पेशींना वाढायला लावणारं एक छोटं प्रथिन त्यातून हाती आलं. त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं ते अशा वृद्धिघटकांच्या शोधासाठी.

ईजीएफचा निरोप पेशीपर्यंत पोहोचतो तो ईजीएफआर या ग्राहीमार्फत, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनामार्फत. ही ग्राही पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली असते. तिच्या बाहेरच्या टोकाला ईजीएफ चिकटला की शेजारच्या दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि त्यांची आतली टोकं एकमेकींवर फॉस्फेट चढवतात. हे काम करणाऱ्या आतल्या भागाला कायनेझ म्हणतात आणि फॉस्फेट त्याला एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून मिळतं. तिथून पुढे प्रथिनांच्या साखळीतून ‘विभाजन सुरू कर’ हा आदेश केंद्रकापर्यंत जातो. ईजीएफ सुटला की आदेश थांबायला हवा. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत नेमकं तेच होत नाही. ग्राहीच्या जनुकातला एक बारकासा तुकडा गळालेला असतो, किंवा ८५८व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल बसलेलं असतं. एवढ्यावर ती ग्राही कोणी न सांगताच चालू राहते, दारावर कोणी नसताना वाजत राहणाऱ्या बेलसारखी.

गेफिटिनिब ही गोळी कायनेझच्या एटीपीच्या खाचेत जाऊन बसते आणि ग्राही बंद पाडते. जपानमध्ये ती २००२ साली बाजारात आली, अमेरिकेत २००३ साली. पण गुण यायचा तो पाश्चात्त्य रुग्णांत साधारण दहातल्या एखाद्याला. त्या एखाद्याची गाठ मात्र झपाट्याने वितळायची. असं का, हे कोणालाच उमगत नव्हतं. २००४च्या वसंतात बॉस्टनमधल्या संशोधकांनी गुण आलेल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि वर सांगितलेले जनुकातले बदल सापडले. पण ‘सगळ्यांना द्या आणि बघा’ या पद्धतीची मोठी चाचणी तोवर सुरू झालेली होती. तिच्यात १६९२ रुग्ण होते. त्याच वर्षाच्या अखेरीस निकाल आला: सरासरी पाहता आयुष्य ठळकपणे वाढत नाही. २००५मध्ये अमेरिकेने या औषधाचा वापर जवळजवळ थांबवला. मला यात दोष औषधाचा वाटत नाही. ज्यांच्या पेशींत ती बिघडलेली ग्राहीच नव्हती, त्यांचा निकाल औषधाच्या माथी मारला गेला.

उत्तर मिळालं पूर्व आशियात. तिथल्या १२१७ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २००९मध्ये छापून आला. हे बहुतेक जण कधीही धूम्रपान न केलेले होते. जनुकात बदल असलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांच्या गाठी गेफिटिनिबने लक्षणीय आक्रसल्या. बदल नसलेल्यांत हे प्रमाण जेमतेम १ टक्का होतं, आणि त्यांना साधी केमोथेरपीच अधिक लागू पडली. जनुकाची तपासणी न करता ही गोळी सुरू केली तर अशा रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणूनच बायॉप्सीचा अहवाल ‘अडेनोकार्सिनोमा’ (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) म्हणून आला की कर्करोगतज्ज्ञ ईजीएफआरचा रिपोर्ट मागतात. भारतात अशा रुग्णांपैकी साधारण पाव हिश्श्यात हा बदल सापडतो. सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायकांमध्ये तो अधिक दिसतो, आणि ‘मला फुप्फुसाचा कॅन्सर कसा?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो.

गोळी घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं, त्वचा कोरडी पडते, जुलाब होतात. काहींच्या पापण्यांचे केस लांब वाढतात. कारण त्वचेला आणि आतड्याच्या अस्तरालाही नेहमीच्या डागडुजीसाठी हीच ग्राही लागते. कोहेन यांच्या पिल्लांच्या पापण्या लवकर विलग झाल्या त्या तिच्यामुळेच.

पण कर्करोगही गप्प बसत नाही. वर्षभराच्या आसपास बहुतेकांत आजार पुन्हा डोकं वर काढतो. जवळपास निम्म्या वेळा कारण एकच असतं: ७९०व्या जागचं अमिनो आम्ल बदलतं आणि गोळीची पकड सुटते. त्यावर २०१५मध्ये ओसिमर्टिनिब हे नवं औषध आलं. ते ७९७व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं चिकटतं. मग काही रुग्णांत तो सिस्टीनच बदलतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. नवा रेणू शोधण्यापेक्षा जुन्या, स्वस्त गेफिटिनिबला सुरुवातीपासूनच केमोथेरपीची जोड दिली तर? ३५० रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीत नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीने १६ महिने. आयुष्यही वाढलं. २०१९मध्ये हे निकाल शिकागोच्या मोठ्या कर्करोग परिषदेत मांडले गेले. पुढे ओसिमर्टिनिबलाही केमोची जोड दिल्यावर तसाच फायदा दिसला. ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क केंद्र सरकारने २०२४च्या अर्थसंकल्पात माफ केलं, तरी ते सगळ्यांना परवडेल असं नाही, त्यामुळे मुंबईच्या त्या आकड्यांना आपल्याकडे वेगळंच वजन आहे. मात्र या जोडीची किंमत शरीर मोजतं. तीव्र दुष्परिणाम नुसत्या गोळीवर २५ टक्के रुग्णांना झाले, जोडीवर ५१ टक्के. थकलेल्या, वयस्क रुग्णासाठी डॉक्टर आणि घरचे नुसत्या गोळीवर थांबले, तर तो निर्णयही चुकीचा म्हणता येत नाही.