मंगळागौरीची फुगडी आणि आईचा छोटा कॅमेरा

मागच्या श्रावणात चुलतबहिणीची मंगळागौर झाली, आईने फोनवर फुगडीचे तीसेक फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर बायकांच्या जागी नुसते रंगीत फराटे. "मला एक साधा कॅमेरा घेऊन दे गं, बटण दाबलं की फोटो, बाकी कटकट नको." म्हणून दुकानात गेलो तर तिथला पोरगा लगेच, "लेडीजसाठी ना? हा पिंक बघा, वीस मेगापिक्सेल!" आता हे काही नवीन नाही म्हणा, कोडॅकने 1928 मध्येच बायकांसाठी रंगीबेरंगी 'व्हॅनिटी कोडॅक' काढला होता. आणि आपल्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मात्र साडी नेसून स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यासारखं धूड सांभाळत दिल्लीभर फोटो काढायच्या. असो.

फुगडीचा फोटो फिसकटतो तो उजेड कमी असल्यामुळे. भर उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, रात्री हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे. आपले डोळे सावरून घेतात म्हणून एवढा फरक कळत नाही, पण कॅमेऱ्याला तेवढा प्रकाश गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. समजा 1/15 सेकंद, आणि फुगडी घालणारी बाई सेकंदाला 2 मीटर वेगाने फिरतेय, तर तेवढ्यात ती 13 सेंटीमीटर सरकते, झाला फराटा! शटर 1/250 ला आणलं तर जेमतेम 8 मिलिमीटर. पण मग प्रकाश कमी पडतो, तो आणायचा कुठून?

दोनच वाटा, मोठं सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती) नाहीतर लेन्सचं मोठं भोक. त्या पिंकसारख्या स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यात 1/2.3 इंची सेन्सर असतं, म्हणजे साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. '1 इंची' सेन्सर 13.2 बाय 8.8, क्षेत्रफळ चौपट. (आणि गंमत म्हणजे त्यात एक इंच असं काहीच नाही, हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या जाडीवरून आलंय आणि अजून चिकटून बसलंय.) लेन्सवर एफ 1.8, एफ 2.8 असे आकडे असतात, आकडा लहान तेवढं भोक मोठं, 1.8 ला 2.8 च्या जवळपास अडीचपट प्रकाश आत येतो. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या फोनचं मेन सेन्सरसुद्धा त्या 1/2.3 वाल्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे तो पिंकवाला घेऊन फायदा फक्त झूमचा.

झूमचंही तसंच, 30 पट झूम केला की हाताची थरथरपण तेवढीच मोठी दिसते, शिवाय झूम वाढवत नेला की एफचा आकडा साडेतीनवरून सातवर जातो आणि प्रकाश पाव होतो. स्टॅबिलायझेशन असतं ना, असं पोरगा म्हणाला. असतं, पण ते आपला हात हलला तर सांभाळतं, समोरची बाई हलली तर त्याला काय करता येणार! फ्लॅश मारला तर साडीची जर आणि नथ चमकते आणि मागच्या रांगेतल्या काकू काळोखात, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. मेगापिक्सेलचं तर सोडाच, अल्बममधल्या 4 बाय 6 इंची फोटोला दोन-सव्वादोन पुरतात.

आईसाठी 'सोपं' म्हणजे काय ते मात्र हातात घेतल्यावरच कळलं. गुळगुळीत चपटा कॅमेरा हातातून निसटतो, पुढे थोडा रबरी उंचवटा हवा, मनगटात दोरी हवी आणि ती बांगड्यांत अडकता कामा नये. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅम. आणि बटण अर्धंच दाबून ठेवायचं, फोकस आधीच लागून राहतो, मग नेमक्या क्षणी पूर्ण दाबायचं, एवढी एकच गोष्ट तिला शिकवली.

शेवटी 1 इंची, एफ 1.8 वालाच घेतला, महाग पडला, पिंक नव्हताच. पैसे द्यायच्या आधी आईने दुकानातले अर्धे दिवे बंद करायला लावले आणि त्या पोराला म्हणाली, "जरा गिरकी घे रे बाळा." तो लाजत लाजत फिरला. फोटोत चेहरा छान आलाय, हाताचा पंजा तेवढा जरा पुसट.