नेसण्यापासून फिटिंगपर्यंत : मराठवाड्यातल्या बायांच्या पेहरावाची पार्श्वभूमी

सध्या मोबाईल उघडला की कुठली साडी कुणाला शोभते याचे व्हिडिओ धडाधड येतात, उंची कमी असेल तर बारीक काठ घ्या, कंबर जाड असेल तर निऱ्या अशा घाला, ब्लाऊजला प्रिन्सेस कट घ्या वगैरे. त्यातलं बरंचसं बरोबर पण आहे. फक्त हे सगळं कालपरवा सुरू झाल्यासारखं सांगतात ते मला पटत नाही, कारण आपल्या मराठवाड्यात अंगकाठी बघून कपडा बसवायची जाण लई जुनी आहे, आधी ती नेसणाऱ्या बाईच्या हातात होती आणि नंतर टेलरच्या कात्रीकडं गेली.

कापडाची गोष्ट तर पार सातवाहनांच्या काळापासूनची. साधारण 2000 वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मधे पैठण आणि तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, दोन्हीचा उल्लेख आहे, आणि तगरचं साधं कापड नि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जायची असं त्यात आहे. नंतरच्या काळात नांदेडची मलमलही नावाजलेली होती. म्हणजे अंगावर चांगलं पडणारं पातळ सुती कापड इथंच विणलं जायचं. ते बायांच्या अंगावर कसं दिसायचं हे बघायचं तर अजिंठ्याला जावं. 17 नंबरच्या लेण्यात आरसा घेऊन नटणारी राजकन्या आहे, आजूबाजूला दासी आहेत. अजिंठ्यातल्या चित्रांत नुसतं गुंडाळलेलं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र पण दिसतं आणि शिवलेल्या चोळ्या पण दिसतात. कपड्यावरचे पट्टे चित्रकारानं अंगाच्या गोलाईप्रमाणे वळवलेत, आडव्या उभ्या रेघांनी अंग कसं भरलेलं किंवा शेलाटं दिसतं हे त्याला नक्की कळत होतं.

खरी कमाल मात्र नऊवारीची. लुगडं म्हणजे आठ मीटरच्या आसपासचं सरळ कापड, त्याला ना कापणं ना शिवणं, आणि तरी ते जाड बाईलाही बसतं, काटकुळीलाही बसतं आणि पोटुशी बाईलाही. कमरेला गाठ मारायची, पुढं निऱ्या घालून ओचा खोचायचा, मधला भाग पायांमधून मागं नेऊन कासोटा घट्ट खोचायचा. आत परकर नाही, नाडी नाही, त्यामुळं कमरेवर नाडीचा वळ किंवा फुगवटा येत नाही, आणि कासोट्यामुळं मागून अंगाचा आकार व्यवस्थित दिसतो, तरी बाई पूर्ण झाकलेली असते. रानात काम करणारी पोटरीपर्यंत वर नेसायची, घरंदाज बामणाची बाई पायघोळ नेसायची. आमच्याकडं लातूर-धाराशिवकडं इरकल जास्त, गडद निळं नाहीतर हिरवं अंग, म्हणजे साडीचा मधला भाग, त्यात बारीक चौकडा नाहीतर साधंच, आणि लाल रेशमी पदर. गडद अंगावर काठ नि पदर उठून दिसतो, बाकी अंगावर नजर ठरत नाही, हीच ट्रिक आज व्हिडिओत "स्लिम दिसण्यासाठी" म्हणून सांगतात.

त्याखालची खणाची चोळी तर नीट बघण्यासारखीच. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, विकत घेताना त्रिकोणी घडीचा मिळायचा. चोळी शिवताना काठ वाया जाऊ द्यायचा नाही, तो दंडावर बाहीच्या टोकाला आला पाहिजे, म्हणजे हात रेखीव दिसतो. पुढं बटण नाही की हूक नाही, दोन टोकांची छातीखाली गाठ. गाठ आवळली की छातीला आधार मिळतो, बाळंतपणानंतर अंग बदललं की गाठ सैल घट्ट करायची, नवीन चोळी शिवायची गरज नाही. इतकं हुशार फिटिंग मला तरी आजच्या रेडिमेडमधे सापडलेलं नाही.

पैठणी आणि हिमरू, म्हणजे रेशीम नि सुताचं नक्षीदार कापड, हे श्रीमंतांचं काम. हिमरूचे कारागीर महंमद तुघलकानं 1327 ला दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा आले असं सांगतात.

मग सहावारी आली. परकर नि ब्लाऊज घालून निऱ्या पुढं सोडायची पद्धत बंगालच्या ज्ञानदानंदिनी देवींनी मुंबईत पारशी बायकांचं नेसणं बघून 1860 च्या दशकात रुळवली, ती शहराशहरांतून पसरत गेली. आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, शाळा कॉलेजं कमी, त्यामुळं इकडं हे जरा उशिरा. 1950 ला औरंगाबादला बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढलं, 1958 ला विद्यापीठ झालं, पोरी शिकायला नोकरीला बाहेर पडायला लागल्या आणि सायकल, एसटी, ऑफिस सगळ्याला गोल साडी सोयीची वाटली. आजी नऊवारीत, आई सहावारीत, लेक पंजाबी ड्रेसमधे असं एका घरात दिसायचं.

इथून टेलरचं राज्य सुरू झालं. साडी अजूनही सरळ कापडच, पण अंगाचा आकार आता ब्लाऊज ठरवायला लागला, टक्स कुठं घ्यायचे, मुंढा म्हणजे बाही जोडायची खाच किती खोल, छातीला कटोरी घ्यायची का, अस्तर लावायचं का. टू बाय टूचं मॅचिंग कापड आणायचं, जुना ब्लाऊज मापाला द्यायचा आणि आत मार्जिन ठेवा म्हणून बजावायचं. मुंढा चुकला की पैठणी असू दे नाहीतर काय असू दे, हात वर केला की सगळा ब्लाऊज वर येतो. तालुक्याच्या गावात चांगला ब्लाऊज शिवणारीकडं लग्नसराईत दोन दोन महिने नंबर लागत नाही, ते उगाच नाही.

आपल्या तांड्यांवरच्या बंजारा बायांचा फेटिया-कांचळीचा म्हणजे घागरा-चोळीचा पेहराव वेगळाच, त्यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे. आणि कापूस वेचताना बाया साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात, तिथं उन्हापुढं शोभेचा विचार नाही.

आता शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. प्रोग्रामला ठीक आहे, पण एकदा शिवली की ती तिच्या मापातच राहते, गाठ सैल करून चालत नाही. साडीखाली घालायचे शेपवेअर पण आलेत, मासोळीसारखे खाली निमुळते, ते नाडीचा फुगवटा घालवतात, जो नऊवारीत मुळात नव्हताच. आणि खणाच्या सहावारी साड्यांची फॅशन आलीय, त्याबद्दल एवढंच सांगेन की खण हे मूळचं चोळीचं ताठ कापड, त्याच्या निऱ्या पोटावर फुगून बसतात, तेव्हा अंगानं भरलेल्या असाल तर खण ब्लाऊजलाच ठेवा आणि वर इरकल नाहीतर साधी मऊ सुती साडी नेसा.