पाणी अडवलं की भिंत पडते: मॅनिटू स्प्रिंग्जच्या जुन्या इमारती

कोलोरॅडोत ४,३०२ मीटर उंचीचं पाइक्स पीक आहे, त्याच्या अगदी पायथ्याशी मॅनिटू स्प्रिंग्ज हे छोटंसं गाव. १८७२ साली वसलं, खनिज पाण्याच्या झऱ्यांमुळे नावारूपाला आलं, आणि तिथल्या विटांच्या-दगडांच्या जुन्या इमारती अजून नांदत्या आहेत. गावातून फाउंटन क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि विल्यम्स कॅन्यन ही अरुंद घळ डोंगरावरून थेट गावात उतरते.

२३ जून २०१२ ला शेजारच्या वॉल्डो कॅन्यनमध्ये वणवा लागला, १८ हजार एकरांहून जास्त डोंगर जळाला. मॅनिटू आगीतून वाचलं, पण संकट तिथे संपलं नव्हतं. झाडपाला जळतो तेव्हा त्यातल्या मेणासारख्या पदार्थांची वाफ होते, ती मातीत शिरते आणि थोड्या खाली गार मातीच्या कणांवर बसते. मग अशा मातीवर पाणी टाकलं की ते मुरतच नाही, थेंब नुसता गोळी होऊन बसतो, अगदी अळवावरच्या पाण्यासारखा. डोंगरच्या डोंगर असा झाला तर काय होणार? ९ ऑगस्ट २०१३ ला जळालेल्या भागावर जेमतेम एक-दीड इंच पाऊस झाला आणि राख, चिखल, दगड, ओंडके घेऊन काळा लोंढा गावात घुसला, गाड्या वाहून गेल्या, हायवेवर एकाचा जीव गेला.

आता अशा वेळी कुणालाही वाटतं की दाराला फळ्या लावा, वाळूची पोती रचा, पाणी आत येऊच देऊ नका. पाणी कमी असेल तर हे बरोबरच आहे. पण हिशोब करून बघा. बाहेर १ मीटर पाणी आणि आत कोरडं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा रेटा येतो. पाणी २ मीटर झालं की रेटा दुप्पट नाही, चौपट, म्हणजे २,००० किलो. आणि हे नुसत्या उभ्या पाण्याचं, वाहता चिखल त्याहून जड. जुन्या भिंतीत लोखंडी सळ्या नसतात, वरून येणारं वजन ती मजेत पेलते पण आडवा रेटा तिला सोसत नाही. म्हणून अमेरिकेत साधारण ३ फुटांच्या वर पाणी बाहेर अडवून धरू नका असं सांगतात. त्यापेक्षा जास्त येणार असेल तर तळाशी झडपा ठेवून पाणी आत येऊ द्यायचं, म्हणजे दोन्हीकडची पातळी सारखी राहते आणि भिंत उभी राहते. ऐकायला उलटं वाटतं, पण इमारत वाचवायची असेल तर फरशी भिजू द्यावी लागते! विजेचं पॅनेल, हीटर वगैरे आधीच वरच्या मजल्यावर न्यायचं, एवढंच.

आणि भिजणं जुन्या इमारतीला नव्या इमारतीपेक्षा चांगलं जमतं. चुन्याचा गिलावा, जुनं घट्ट लाकूड, वीट हे सगळं भिजून परत वाळतं, नवीन जिप्सम बोर्ड मात्र फुगून सडतं. मला सगळ्यात वाईट वाटतं ते सिमेंटचं. विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याचे असतात, त्यातून ओल बाहेर पडते. कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून त्यात सिमेंट भरतं, मग ओलीला वाटच राहत नाही, ती विटेतून निघते, लोणा लागतो, क्षार आत फुलतात आणि विटेचे पोपडे पडतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही हेच चाललंय. पुरासाठी दाराला फळ्या बसवायच्या तरी त्या ज्या खाचेत सरकवतात तिचे बोल्ट विटेत मारू नयेत, दर्जेत मारावेत, दर्ज परत भरता येते, शंभर वर्षांची वीट परत मिळत नाही.

अर्थात सगळं ओझं इमारतींवर टाकून चालत नाही. विल्यम्स कॅन्यनमध्ये पोलादी जाळ्या लावल्या, दगड-ओंडके वरच अडवायला. पाणी जाळीतून जातं, राडारोडा मागे राहतो. पण जाळी भरली की उपसावी लागते, नाहीतर पुढच्या पावसात तिचा उपयोग नाही.

पूर ओसरल्यावर अजून एक चूक होते. तळघर भरलेलं बघून लोक मोठा पंप लावून तासाभरात रिकामं करतात. बाहेरची जमीन तेव्हा पाण्याने गच्च असते, आतला आधार एकदम गेला की तोच रेटा भिंतीवर येतो आणि पुरात टिकलेली भिंत ऊन पडल्यावर आत कोसळते. म्हणून पाणी थोडं उपसायचं, भिंतीवर खडूने रेघ मारायची, रात्रभर थांबायचं. सकाळी पाणी रेघेच्या वर आलेलं दिसलं तर अजून थांबायचं.