मार्सेलिस प्रकरणाची पार्श्वभूमी: कुणीच न मागितलेले प्रत्यर्पण

8 जुलै 1910 रोजी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीवरून सावरकरांनी मारलेल्या उडीची कथा मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. त्यानंतर हेग येथे चाललेल्या लवादाला मात्र आपल्याकडे सर्रास ‘सावरकरांच्या प्रत्यर्पणाचा खटला’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण कायद्याच्या अर्थाने प्रत्यर्पण, म्हणजे एका देशाने रीतसर मागणीवरून आरोपी दुसऱ्या देशाच्या हवाली करणे, या प्रकरणात कोणत्याही टप्प्यावर कुणी मागितलेच नव्हते.

राजकीय गुन्ह्यासाठी माणूस परक्या सरकारच्या हवाली करायचा नाही, हे तत्त्व ब्रिटनच्या 1870 च्या प्रत्यर्पण कायद्यात होते आणि फ्रान्सशी झालेल्या 1876 च्या तहातही होते. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवण्यासाठी मात्र 1881 चा फरारी गुन्हेगार कायदा होता व त्यात ही सूट नव्हती. पॅरिसहून परतलेल्या सावरकरांना 13 मार्च 1910 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर मुंबईच्या वॉरंटवरून अटक झाली, ती याच कायद्याखाली. ते पॅरिसमध्येच राहिले असते, तर रीतसर मागणी करावी लागली असती, आणि राजद्रोह किंवा सम्राटाविरुद्ध युद्ध या आरोपांवर ती टिकणे कठीणच होते.

धक्क्यावर त्यांना पकडले ते सागरी पोलिसांतल्या एका फ्रेंच हवालदाराने. बोटीवरून उतरलेल्या तिघांच्या मदतीने त्याने त्यांना पुन्हा बोटीवर नेले आणि दुसऱ्या दिवशी बोट सुटली. फ्रेंच समाजवाद्यांनी ओरड केल्यावर पॅरिसच्या सरकारने कैदी परत मागितला. लंडनमध्येही यावर एकमत नव्हते. अखेर 25 ऑक्टोबर 1910 च्या कराराने पाच जणांच्या लवादापुढे एकच प्रश्न ठेवला गेला: आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सावरकरांना फ्रान्सकडे परत द्यावे की नाही?

24 फेब्रुवारी 1911 च्या निवाड्याने अटक व ताबा देण्यात अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण परक्या अंमलदाराच्या चुकीमुळे कैदी परत करण्याचे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे म्हटले. बळजबरी नाही, फसवणूक नाही, सर्वांचा हेतू शुद्ध, म्हणून फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंगही नाही. याला आधार होता तो दोन राजधान्यांच्या पोलिसांमधील पत्रव्यवहाराचा: लंडनहून 29 जूनला सूचना गेली होती आणि बोट मार्सेलिसमध्ये असताना काही विपरीत घडू नये म्हणून आदेश दिल्याचे पॅरिसचे उत्तर 9 जुलैचे, म्हणजे बोट सुटली त्याच दिवसाचे होते. हवालदाराचे कृत्य वरिष्ठांनी तोवर नाकारले नव्हते, यालाही लवादाने वजन दिले. परंतु पोलिसांच्या आपसातील समजुतीने तहातील संरक्षण बाजूला कसे पडते, याचे उत्तर निवाड्यात सापडत नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने तर, अटक कशीही झालेली असो, आपला अधिकार अबाधित आहे असे ठरवून लवादाआधीच, डिसेंबर 1910 मध्ये, जन्मठेप सुनावली होती.

1881 चा कायदा पुढेही बराच काळ टिकला. सिंगापूरला पाठवायच्या एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये त्याची संबंधित कलमे समानतेच्या हक्काशी विसंगत ठरवली. भारताच्या 1962 च्या प्रत्यर्पण कायद्यात राजकीय गुन्ह्याची सूट स्पष्ट आली. ब्रिटनने राष्ट्रकुलातील देशांसाठी ती 1967 च्या नव्या फरारी गुन्हेगार कायद्यात घातली.