डिक्टेटर सीझर आणि प्रिन्सेप्स ऑगस्टस

ज्युलियस सीझरला मराठीत सर्रास ‘रोमन सम्राट’ म्हटले जाते. गैरसमज स्वाभाविक आहे, कारण त्याचे कुलनाम पुढे सम्राटांची पदवीच होऊन बसले. प्रत्यक्षात सीझर प्रजासत्ताकातल्या एका जुन्या पदावर होता. साम्राज्याची घडी बसवली ती त्याच्या दत्तकपुत्राने, म्हणजे ऑक्टेव्हियन ऊर्फ ऑगस्टसने.

‘डिक्टेटर’ शब्दाचा आजचा अर्थ येथे बाजूला ठेवावा लागतो. दरवर्षी निवडलेले दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, एकमेकांना अडवू शकत, ही प्रजासत्ताकाची खरी शिस्त होती, आणि डिक्टेटर हा संकटकाळापुरता, जास्तीत जास्त ६ महिन्यांसाठी केलेला तिचा कायदेशीर अपवाद होता. सुल्ला या सेनानीने इ.स.पू. ८२ मध्ये ही मुदत झुगारली, पण पुढे स्वतःहून पद सोडले. सीझर इ.स.पू. ४९ मध्ये ११ दिवसांसाठी, ४६ मध्ये १० वर्षांसाठी आणि ४४ च्या आरंभी तहहयात डिक्टेटर झाला. अपवादाचाच नियम झाला, आणि तोही सर्वांच्या डोळ्यांदेखत. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला आणि त्याचा सहकारी, तेव्हाचा कॉन्सल मार्क अँटनी याने कायदा करून ते पदच रद्द केले.

ऑगस्टसची सत्ता मात्र रद्द करता येईल अशा कोणत्याही एका पदात सामावलेली नव्हती. इ.स.पू. ३१ मध्ये ग्रीसजवळच्या अ‍ॅक्टियमच्या लढाईत अँटनी व इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांचा पराभव केल्यावर त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही, तरीही इ.स.पू. २७ च्या जानेवारीत त्याने आपले असाधारण अधिकार सिनेट व जनतेला परत केल्याचे जाहीर केले. बदल्यात त्याला ‘ऑगस्टस’ हे नाव आणि बहुतेक सैन्य जेथे तैनात होते ते प्रांत मिळाले. इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपदही सोडले. पण ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचा निवडलेला प्रतिनिधी, न होता त्याने ट्रिब्यूनचे अधिकार घेतले, म्हणजे नकाराधिकार त्याच्याकडे आला; ट्रिब्यूनसारखा कायद्याने संरक्षित देह त्याला आधीच मिळाला होता. पुढच्याच वर्षी दुष्काळाने त्रासलेल्या लोकांनी त्याला डिक्टेटर होण्याचा आग्रह केला, तेव्हा त्याने नकार दिला. तो स्वतःला फक्त ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे पहिला नागरिक, म्हणवत असे.

याला निव्वळ ढोंग म्हणणे मला अपुरे वाटते. सिनेटर पूर्वीप्रमाणे कॉन्सल होत राहिले, प्रांतांचा कारभार पाहत राहिले. सीझरच्या काळात दुखावलेला त्यांचा मान बराचसा राखला गेला, आणि म्हणूनच त्यांनी ही व्यवस्था स्वीकारली. फौजा मात्र एकाच माणसाच्या हाती होत्या, आणि त्यांची निष्ठाही त्यालाच वाहिलेली होती.

पद नसल्यामुळे वारसाही कायद्याने ठरत नव्हता, म्हणून अधिकारच आधी वाटून ठेवले गेले. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला, तेव्हा त्याचा दत्तकपुत्र टायबेरियस याच्याकडे ट्रिब्यूनचे अधिकार १० वर्षांपासून होते.