पावतीतला अर्धा सेंट: सांता क्लारा काउंटीत रस्त्यांचे पैसे येतात कुठून

सनीवेल, क्युपर्टिनो, सॅन होजेकडे नवीन आलेली आपली मंडळी दोन गोष्टींवर हमखास अडखळतात. पहिली म्हणजे दुकानातली पावती. डाळ-तांदळावर टॅक्स नाही, पण कुकर घेतला की खाली ९ टक्क्यांच्या वर सेल्स टॅक्स लागलेला दिसतो. दुसरी म्हणजे लॉरेन्स एक्सप्रेसवे, नाव एक्सप्रेसवे आणि रस्त्यात सिग्नलच सिग्नल, शिवाय रस्ता सनीवेल शहरातून जातो पण शहराचा नाही, राज्याचाही नाही, तो काउंटीचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो समजायला साधारण साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. सांता क्लारा काउंटीत १५ शहरं आहेत आणि वर पाच निवडून आलेले सुपरवायझर. आपल्याकडे जिल्ह्याच्या रस्त्याला पैसे हवे असले की पालकमंत्री, जिल्हा नियोजन समिती, जिल्हा वार्षिक योजना असा वरून खाली येणारा रस्ता असतो. इथे वरून येतं त्यात भागत नाही म्हणून काउंटीला लोकांसमोर उभं राहून विचारावं लागतं की बाबांनो, डॉलरमागे अजून अर्धा सेंट सेल्स टॅक्स द्याल का. हे विचारणं कसं सुरू झालं आणि त्यात कोर्ट कसं घुसलं, तीच खरी गोष्ट आहे.

१९५० च्या दशकात ही सगळी दरी जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागांची होती. १९५७ मध्ये बार्टची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियाच्या रेल्वेची, संस्था स्थापन झाली तेव्हा सांता क्लारा त्यात गेली नाही, सुपरवायझर मंडळींनी नको म्हटलं. त्यांचं डोकं रस्त्यांत होतं. १९६१ मध्ये मतदारांनी ७ कोटी डॉलरचे बॉण्ड मंजूर केले आणि त्यातून काउंटीचे एक्सप्रेसवे उभे राहिले, आल्माडेन, कॅपिटल, सेंट्रल, फुटहिल, लॉरेन्स, मॉन्टेग्यू, ओरेगन-पेज मिल आणि सॅन टोमास, असे आठ. कल्पना अशी की फ्रीवे राज्य बांधेल, गल्ल्या शहरं बघतील, आणि मधला लांब पल्ल्याचा जो रस्ता कुणाचाच नाही तो काउंटी करेल. फुटहिल तर जुन्या रेल्वेलाइनच्या जागेवर बसवला. पालो आल्टोत ओरेगनवरून मात्र भरपूर भांडण झालं, घरं हलवावी लागणार होती, शेवटी १९६२ मध्ये गावात मतदान झालं आणि रस्ता थोडक्यात पास झाला. बार्टला नाही म्हटल्याची किंमत पुढे किती मोजावी लागली ते खाली येतंच.

बस मात्र काउंटीच्या गळ्यात पडली म्हणावं लागेल. तीन खाजगी बस कंपन्या डबघाईला आलेल्या, त्या घ्यायच्या तर संस्था हवी, म्हणून १९७२ मध्ये मतदारांनी ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट मंजूर केला आणि १९७३ च्या जानेवारीपासून बस सरकारी झाल्या. नुकताच, १९७१ मध्ये, राज्याने कायदा करून सेल्स टॅक्सचा पाव सेंट प्रत्येक काउंटीच्या वाहतुकीला ठेवला होता, कायदा आणणाऱ्यांत सॅन होजेचे सिनेटर आल्क्विस्ट होते. तोही पुरेना. मग १९७६ मध्ये डॉलरमागे अर्धा सेंट, फक्त ट्रान्झिटसाठी म्हणजे बस-रेल्वेसाठी, कायमचा. तो आजही आपल्या पावतीत आहे, काउंटीच्या वाहतूक टॅक्सांत मुदत नसलेला एकमेव.

रस्त्यांची गत वेगळी. रस्त्याचा पैसा यायचा पेट्रोलवरच्या टॅक्सातून, आणि तो किमतीवर नाही, गॅलनवर. कॅलिफोर्नियात १९६३ पासून १९८२ पर्यंत गॅलनला ७ सेंट. वीस वर्षं! त्या वीस वर्षांत डांबर, सिमेंट, मजुरी सगळं कितीतरी पटीने महागलं आणि टॅक्स तिथेच, शिवाय गाड्या कमी पेट्रोलमध्ये जास्त पळायला लागल्या. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात नवीन फ्रीवे बांधायला फार उत्साहही नव्हता. सॅन होजेत १०१, २८० आणि ६८० हे हायवे जिथे मिळतात तिथे उड्डाणपुलाचे तुकडे हवेत लटकत राहिले होते, पुढेही रस्ता नाही आणि मागेही नाही. १९७६ च्या जानेवारीत नगरसेवक जो कोला यांनी क्रेनने एक जुनी शेव्हरोले त्या लटकत्या तुकड्यावर चढवली आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटो सगळीकडे गाजला. पूल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कुठे पूर्ण झाला आणि आज त्या जंक्शनला कोलांचंच नाव आहे. आपल्याकडे खड्ड्यात झाड लावतात, त्याचीच ही जरा खर्चिक आवृत्ती!

मग आलं १९७८ आणि प्रपोझिशन १३, प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांसमोर ठेवलेला प्रस्ताव. प्रॉपर्टी टॅक्सला १ टक्क्याचं झाकण बसलं आणि वर नियम आला की ठरावीक कामासाठी नवीन टॅक्स लावायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत. गंमत अशी की हा नियम आणणाऱ्या प्रपोझिशनला स्वतःला सुमारे ६५ टक्के मतं पडली होती, म्हणजे स्वतःच्याच नियमाने मोजलं असतं तर ते पडलं असतं. पुढची सगळी कथा या ५० आणि ६६.६७ मधल्या फटीत घडते. माझं मत विचाराल तर या काउंटीत रस्ता कुठे आणि कधी होणार हे इंजिनियरपेक्षा या फटीने जास्त ठरवलंय.

१९८२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या एका केसमध्ये म्हटलं की ज्या संस्थेला प्रॉपर्टी टॅक्स लावायचा अधिकारच नाही तिला दोन तृतीयांशची अट लागू नाही. झालं, सांता क्लाराने अशीच एक वेगळी ट्रॅफिक ऑथॉरिटी उभी केली आणि १९८४ च्या नोव्हेंबरात मेझर ए, म्हणजे काउंटीच्या मतदारांसमोरचा प्रस्ताव, आणलं, अर्धा सेंट, दहा वर्षं, काम फक्त तीन हायवेंचं, ८५, १०१ आणि २३७. साध्या बहुमताने पास. हायवे खरं तर राज्याचे, पण राज्य बांधत नाही म्हणून काउंटीने स्वतःच्या खिशातून बांधायचे, असं करणारी ही कॅलिफोर्नियातली पहिली काउंटी. अशा काउंट्यांना पुढे सेल्फ-हेल्प काउंटी म्हणायला लागले. हायवे ८५ ची जागा १९५० च्या दशकापासून नकाशावर होती, ती १९९४ मध्ये कुठे पूर्ण उघडली, तीही साराटोगा-लॉस गॅटोसवाल्यांच्या आग्रहामुळे साडेचार टनांवरच्या ट्रकना बंदी घालून, जी अजून आहे.

लोकांना काय आवडलं असेल तर यादी. टॅक्स कशासाठी ते तीन आकड्यांत सांगितलं होतं, दहा वर्षांनी बंद होणार हे सांगितलं होतं, आणि रस्ते झालेले डोळ्यांनी दिसले. म्हणून १९९२ मध्ये परत अर्धा सेंट मागितला तेव्हा ५४ टक्के लोक हो म्हणाले. आता मध्ये काय झालं होतं, १९८६ मध्ये प्रपोझिशन ६२ नावाचा एक कायदा मतदारांनी पास केलेला होता, ज्यात विशेष कामाच्या टॅक्सला दोन तृतीयांशची अट पुन्हा होती, पण खालच्या कोर्टांनी त्यातले तुकडे उडवल्यामुळे तो जवळपास विसरला गेला होता. १९९५ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने गार्डिनो केसमध्ये तोच कायदा जिवंत केला आणि सांता क्लाराचा १९९२ चा टॅक्स रद्द ठरवला. जुना टॅक्स मार्च १९९५ मध्ये संपलेला, नवीन रद्द. यादी तयार, पैसा शून्य. नुसत्या इथेच नाही, राज्यभरातल्या काउंट्यांना त्याने घाम फुटला.

यावर काढलेली युक्ती मला तरी या सगळ्या इतिहासातली सर्वात चलाख वाटते. नोव्हेंबर १९९६ च्या बॅलटवर दोन वेगवेगळी मेझर ठेवली. बी म्हणजे अर्धा सेंट, नऊ वर्षं, सरळ काउंटीच्या सामान्य तिजोरीत, कशासाठी ते लिहिलेलंच नाही, म्हणून तो सामान्य टॅक्स आणि साधं बहुमत पुरे. ए म्हणजे नुसता सल्ला, की टॅक्स आलाच तर तो या या रस्ते-रेल्वेच्या यादीवर खर्च करा. ए प्रचंड मतांनी पास झालं, बी जेमतेम ५० च्या पलीकडे. विरोधक कोर्टात गेले की हे तर डोळ्यात धूळ फेकणं आहे, कोर्ट म्हणालं नाही, कायद्यात बसतं. सल्ला बंधनकारक नव्हता, सुपरवायझर उद्या तो पैसा तुरुंगावर खर्च करू शकले असते, पण त्यांनी शब्द पाळला. सॅन होजे ते मॉर्गन हिल १०१ रुंद झाला, कॅम्पबेलकडे जाणारी लाइट रेल झाली, काउंटीच्या रस्त्यांवर डांबर पडलं.

दरम्यान कागदावरची रचनाही बदलली होती. १९९० च्या जूनमध्ये राज्याने प्रपोझिशन १११ ने पेट्रोलचा टॅक्स टप्प्याटप्प्याने ९ वरून १८ सेंटवर नेला आणि बदल्यात शहरी काउंट्यांना गर्दीचं नियोजन करणारी एजन्सी नेमायला लावली. सांता क्लारात ती एजन्सी आणि बसवाला ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट १९९५ मध्ये एकत्र झाले, तेच आजचं व्हीटीए. म्हणजे बस चालवणारी, हायवेला पैसे देणारी आणि यादी बनवणारी संस्था एकच, तर एक्सप्रेसवे, त्यांचे सिग्नल नि डागडुजी अजून काउंटीच्या रोड्स अँड एअरपोर्ट्स खात्याकडे. म्हणून लॉरेन्सवरच्या सिग्नलची तक्रार सनीवेलला केली की ते काउंटीचा नंबर देतात.

२००० पासून पळवाट सोडून सरळ दोन तृतीयांशाला भिडायचं ठरलं. त्यासाठी मोठं गाजर हवं, ते होतं बार्ट, तेच १९५७ मध्ये नाकारलेलं. नोव्हेंबर २००० चं मेझर ए, ३० वर्षांचा अर्धा सेंट, २००६ पासून लागू, ७० टक्क्यांनी पास. लगेच डॉटकॉमचा फुगा फुटला आणि सेल्स टॅक्सचा अंदाज कोसळला, या टॅक्सचं हे दुखणंच आहे की लोकांनी खरेदी थांबवली की रस्ता थांबतो. बार्ट चालवायला वेगळा पैसा हवा म्हणून २००८ मध्ये आणखी एक अष्टमांश सेंट मागितला, मोजणी कित्येक दिवस चालली आणि शेवटी ६६.७८ टक्के, म्हणजे अक्षरशः केसाच्या अंतराने. २०१० मध्ये गाडीच्या रजिस्ट्रेशनवर १० डॉलर आले, त्याला साधं बहुमत पुरत होतं, तो पैसा मुख्यतः शहरांच्या गल्ल्यांना जातो.

२०१६ च्या मेझर बी मध्ये या सगळ्या अनुभवाचा अर्क आहे. ३० वर्षं, अर्धा सेंट, २०१७ च्या किमतीत अंदाजे ६.३ अब्ज डॉलर, आणि वाटणी अशी की कुणीच रिकाम्या हाताने जाऊ नये: बार्टच्या दुसऱ्या टप्प्याला दीड अब्ज, शहरांच्या रस्त्यांना १.२ अब्ज, एक्सप्रेसवेंना ७५ कोटी, हायवे इंटरचेंजना ७५ कोटी, कॅलट्रेन या लोकल रेल्वेच्या फाटकांवरचे पूल-बोगदे ७० कोटी, बसला ५० कोटी, ८५ च्या पट्ट्याला ३५ कोटी, कॅलट्रेनची क्षमता वाढवायला ३१.४ कोटी, सायकल आणि पायी चालणाऱ्यांना २५ कोटी. ६७ टक्के मतं जमवायची तर पालो आल्टोपासून गिलरॉयपर्यंत प्रत्येकाला काहीतरी द्यावंच लागतं, १९८४ सारखी तीन ओळींची यादी चालत नाही. जवळपास ७२ टक्के पडले. तरी एक दावा झालाच आणि २०१९ उजाडेपर्यंत जमलेला पैसा बाजूला पडून राहिला.

लोकांना वाटतं अर्धा सेंट म्हणजे सगळा खर्च. तसं नाही. राज्य आणि फेडरल सरकार पैसे देताना आधी विचारतं की तुम्ही किती घालताय, आणि हातात मंजूर टॅक्स असलेली काउंटी रांगेत पुढे जाते. २०१७ मध्ये राज्याने पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढवले त्यातही सेल्फ-हेल्प काउंट्यांसाठी वेगळा वाटा ठेवला. पण पुढे जाणं म्हणजे लगेच बांधणं नव्हे. काउंटी आधी एक्सप्रेसवेंचा आराखडा करते, व्हीटीए तो आपल्या दीर्घ मुदतीच्या यादीत घेतं, नऊ काउंट्यांच्या वाहतुकीचं नियोजन करणारं एमटीसी तो बे एरियाच्या आराखड्यात बसवतं, मग पर्यावरण अहवाल, डिझाइन, जागा, आणि प्रत्येक पायरीला वेगळा निधी. लॉरेन्सवरचे काही मोठे चौक जमिनीच्या वेगळ्या पातळीवर न्यायची योजना अशीच वर्षानुवर्षं पायऱ्या चढतेय. बार्ट सॅन होजेतल्या बेरियेसापर्यंत आलं २०२० च्या जूनमध्ये, ऐन करोनात, आणि डाउनटाउनच्या बोगद्याचा अंदाज आता १२ अब्जांच्या पुढे गेलाय.

तर कुकरच्या पावतीत आज काउंटीच्या मतदारांनी मंजूर केलेले चार तुकडे वाहतुकीचे आहेत, १९७६, २०००, २००८ आणि २०१६ चा. १०० डॉलरला १ डॉलर ६२ सेंट आणि वर अर्धा. यातला २०१६ वाला २०४७ पर्यंत चालेल. आणि ८५ वरून जाताना मधला रुंद रिकामा पट्टा बघा, बांधतानाच पुढे लाइट रेल येईल म्हणून सोडलेला, त्याच्यासाठी ३५ कोटी मंजूर आहेत आणि तिथे नेमकं काय करायचं, जास्तीची लेन, बस की रेल, यावर बैठकांमधून वाद घालून झालेत, पट्टा मात्र १९९४ पासून तसाच आहे.