लट्रेल सॉल्टर

लट्रेल सॉल्टर : चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये तयार झालेले लॅटिन स्तोत्रसंहितेचे सचित्र हस्तलिखित. लिंकनशरमधील अर्नहॅमचा जमीनदार सर जेफ्री लट्रेल (१२७६–१३४५) याने ते करवून घेतले. सध्या ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘अ‍ॅडिशनल ४२१३०’ या क्रमांकाने जतन केलेले आहे. चर्मपत्राची ३०९ पाने, प्रत्येक पान सुमारे ३५ सेंमी. उंच व २४.५ सेंमी. रुंद. सणवारांची दिनदर्शिका, १५० स्तोत्रे, इतर स्तुतिगीते, संतांचा धावा आणि शेवटी मृतांसाठीची प्रार्थना असा मजकुराचा क्रम आहे. हा क्रम त्या काळच्या बहुतेक सॉल्टरांत, म्हणजे स्तोत्रसंहितांत, आढळतो. या पोथीचे वेगळेपण समासात आहे.

काळाविषयी मतभेद आहेत. लेखनसमाप्तीची तारीख पोथीत कुठेही नाही, त्यामुळे सगळी भिस्त आतल्या पुराव्यावर. पान ५६ वर लँकेस्टरचा अर्ल टॉमस याच्या शिरच्छेदाचे चित्र आहे आणि ही घटना मार्च १३२२ मधील आहे; म्हणजे निदान ते पान त्यानंतरचे. दुसऱ्या टोकाला जेफ्रीची पत्नी ॲग्नेस सटन १३४० मध्ये वारली. जेफ्रीच्या पुढे वर्णिलेल्या चित्रात ती हयात दाखवली आहे, म्हणून पोथीचा अभ्यासक एरिक मिलर याने काम १३४० च्या सुमाराचे, पण तिच्या मृत्यूआधीचे मानले. जेफ्री व ॲग्नेस यांचे नाते विवाहाला निषिद्ध मानलेल्या पिढ्यांतले निघाल्याने त्यांनी १३३१ मध्ये पोपची सूट मिळवली होती. पोथीची कल्पना त्या प्रसंगातून निघाली असावी, असेही सुचवले गेले आहे. मात्र हयात दाखवणे हा हयातीचा पक्का पुरावा नव्हे. वंशाचा मान मिरवणाऱ्या चित्रात दिवंगत व्यक्तीही उभी करता येते. रंगकामात निदान पाच चित्रकारांचे हात ओळखू येत असल्याने एखाद्या वर्षाचा हट्ट न धरता काम बरीच वर्षे रेंगाळले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रंथालय साधारण १३२५–४० हा काळ देते.

जेफ्रीचे प्रसिद्ध चित्र पान २०२ च्या पाठीमागे आहे. चिलखत घातलेला जेफ्री घोड्यावर बसला आहे. ॲग्नेस त्याला शिरस्त्राण देते आहे, सून बिॲट्रिस स्क्रोप ढाल घेऊन उभी आहे. निळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी तिरका पट्टा आणि बिनपायांचे सहा पक्षी ही लट्रेलांची कुलचिन्हे झुलीवर, ढालीवर, खांद्यांवर, बायकांच्या झग्यांवर, जागा मिळेल तिथे काढली आहेत. वरच्या ओळीचा अर्थ ‘धनी जेफ्री लट्रेलने मला करवून घेतले’. धन्यासाठीचा ‘दोमिनुस’ हा शब्द इथे मानाचा. पण समोरच्या पानावर सुरू होणारे १०९ वे स्तोत्र (हिब्रू क्रमाने ११०) ‘दिक्सित दोमिनुस’, म्हणजे ‘परमेश्वर म्हणाला’, असे उघडते. हा योगायोग नसावा.

आद्याक्षरे सोन्याच्या वर्खाची आहेत आणि मुख्य विभागांच्या आरंभी ती मोठी होतात. समासात माशाच्या शेपटीचे धर्मगुरू, माणसाच्या तोंडाची जनावरे असे संकरित प्राणी बागडतात. त्यांचा शेजारच्या ओळीशी संबंध काही ठिकाणी एखाद्या शब्दापुरता जुळतो, अनेक ठिकाणी तोही जुळत नाही.

पान १७० ते १७३ यांच्या तळाशी शेतीचे वर्ष उलगडते. चार बैलांचा नांगर. पेरणारा मुठीने बी फेकतो, मागे पोत्यावर कावळा बसला आहे. घोड्याच्या कुळवामागून गोफण घेतलेला राखणदार. मग मोगऱ्यांनी ढेकळे फोडणारे नवराबायको. कापणीच्या चित्रात विळे घेतलेल्या बायका वाकलेल्या आहेत आणि एकीने पाठ ताठ करून कमरेला ताण दिला आहे. पेंढ्यांनी लादलेली गाडी शेवटी चढावर अडते. इतिहासाच्या शालेय पुस्तकांनी ही चित्रे ग्रामजीवनाचे छायाचित्र असल्यासारखी छापली. कलेतिहासकार मायकेल कमिल याने ती जमीनदाराच्या नजरेतली, धन्याचे धान्य निमूटपणे पिकवणाऱ्या रयतेची आदर्श प्रतिमा ठरवली. मजुरांचे रंगीत, न फाटलेले कपडे पाहता त्याचे म्हणणे पटते. अवजारे मात्र खरी आहेत.

पान १९३ वरचा सूतकताईचा चरखा हा इंग्लंडमधील त्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक. चाक हाताने फिरते, कातणारी उभी आहे, शेजारीण लोकर पिंजते. चरखा पश्चिम युरोपात पूर्वेकडून गेला, एवढे सर्वसाधारण मान्य; उगम चीनचा, भारताचा की पश्चिम आशियाचा, यावर वाद आहे. इतिहासकार इरफान हबीब यांनी भारतातील पहिला निःसंदिग्ध उल्लेख म्हणून इसामीच्या फार्सी काव्याकडे बोट दाखवले. दिल्लीहून दौलताबादला आलेल्या इसामीने ते बहमनी सुलतानाच्या आश्रयाने १३५० च्या सुमारास पूर्ण केले. म्हणजे लिंकनशरचे चित्र व दख्खनमधला शब्द साधारण एकाच पिढीतले. यावरून उगम ठरत नाही. भारतात चरखा उल्लेखाच्या बराच आधी असू शकतो.

पान २१४ नंतर समासातली चित्रे ओसरतात, नक्षी साधी होते. पुढे पोथी डॉर्सेटमधील लुलवर्थच्या वेल्ड घराण्याकडे आली. १९२९ मध्ये ती लिलावात निघण्याच्या सुमारास खरी मालकी हर्बर्ट वेल्डची नसून कवी आल्फ्रेड नॉइझच्या पत्नीची असल्याचे उघड झाले. ब्रिटिश म्युझियमने अमेरिकन धनाढ्य जे. पी. मॉर्गन (धाकटा) याने दिलेल्या बिनव्याजी कर्जावर ती ३१,५०० पौंडांना घेतली आणि ही रक्कम पुढे वर्गणीतून फेडली.